हिरालालचा हप्ता अर्धा काऊन?

सकाळच्या चहाबरोबर बाबाराव ताकसांडे यांच्या मोबाइलवर मेसेज आला. घराच्या विम्याची मुदत संपत आली आहे, लवकर नूतनीकरण करा. त्याखालचा आकडा वाचून बाबारावांनी चष्मा काढला, बनियनला पुसला, पुन्हा लावला. आकडा होता तोच राहिला.

"अजी, काय झालं?" अन्नपूर्णाबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"आपल्या घराचा विमा हाय."

"हाय ना. मंग?"

"थो इतका महाग हाय, हे मले आज समजलं."

त्यात बाबारावांची फारशी चूक नव्हती. वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेत घर बांधायला कर्ज काढलं तेव्हाच बँकेनं विमा गळ्यात मारला होता, आणि त्याचे पैसे कर्जाच्या हप्त्याबरोबर मुकाट्यानं कापले जात होते. मागच्या वर्षी कर्ज फिटलं. त्यामुळे विम्याचा आकडा पहिल्यांदाच एकटा, उघडा असा समोर आला होता.

कप हातात घेऊन बाबाराव फाटकाशी आले. शेजारचे हिरालाल जयस्वाल नेहमीप्रमाणे आपली गाडी धूत होते. त्यांचं वर्ध्यात सिमेंट-लोखंडाचं दुकान. दोघांनी प्लॉट एकाच दिवशी घेतले, कर्ज एकाच बँकेतून काढलं, घरंही एकाच ठेकेदाराकडून बांधून घेतली. फरक एवढाच, की बाबारावांचं घर एकमजली आणि हिरालालचं त्यावर आणखी एक मजला चढवलेलं.

"हिरालालभाऊ, तुमाले घराच्या विम्याचे किती पडते?"

हिरालालनं पाइप बाजूला धरून आकडा सांगितला.

"दोन मजल्याचे?"

"हो ना सर. पूरे घर के."

"अन् मी एका मजल्याचे याच्या दुप्पट देऊन राह्यलो!"

"तुमाले कोनी बनवलं सर," हिरालाल म्हणाले, आणि शेजाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त पैसे पडतात हे कळल्यावर माणसाचा आवाज जितका हळहळतो तितका त्यांचा हळहळला. "मोलभाव कराचा ना."

बाबाराव जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. पैसे गेल्याचं दुःख त्यांना झालंच, पण त्याहून मोठा त्रास वेगळा होता. दोन घरं, एक बँक, आणि मोठ्या घराचा हप्ता लहानाच्या अर्धा. असं काऊन? कारण सांगा, असा प्रश्न त्यांनी आयुष्यभर फळ्यावर लिहिला होता. आता तो त्यांच्याच अंगणात येऊन बसला.

पुण्यात नोकरी करणाऱ्या पौर्णिमानं, त्यांच्या मुलीनं, फोनवर सांगितलं की बाबा, इंटरनेटवर सगळ्या कंपन्यांचे दर एका जागी दिसतात, तिथं नंबर टाका. बाबारावांनी नंबर टाकला. फोन खाली ठेवायच्या आत तो वाजला. आणि मग दिवसभर वाजतच राहिला.

दुसरा कोणी वैतागला असता. बाबारावांना मात्र हवं तेच मिळालं: प्रश्नांची उत्तरं द्यायला बांधील असलेली माणसं. घर नदीकाठी आहे का, छप्पर गवताचं आहे का, घरात फटाके साठवता का, असं फोनवरच्या मुली विचारत, आणि बाबाराव उलट विचारत, "फटाक्यानं हप्ता किती वाढते? काऊन? अन् गवताचं छप्पर ओलं असलं तं?" एकीनं त्यांना समजावलं की विमा फक्त बांधकामाचा काढायचा, जागेच्या किमतीचा नाही. "जमीन कुठं जळते सर?" ती म्हणाली. बाबाराव इतके खूश झाले की त्यांनी हे वाक्य अन्नपूर्णाबाईंना आत जाऊन सांगितलं. परत येईपर्यंत मुलीनं फोन ठेवला होता. संध्याकाळपर्यंत फोन येणं आपोआप बंद झालं.

एक कंपनी मात्र टिकली. हप्ता निम्म्याहूनही कमी सांगत होती. फक्त त्यांचा माणूस घर पाहून फोटो काढेल म्हणाली.

माणूस म्हणजे मोनाली नावाची तरुणी निघाली. स्कूटीवरून आली, हेल्मेट काढलं, पाणी प्यायली, आणि बाबारावांनी दिलेल्या खरेदीखताची झेरॉक्स घेऊन गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत चालत गेली. तिथून एकेका घराकडे बोट दाखवत, ओठ हलवत परत आली आणि सरळ हिरालालच्या फाटकातून आत शिरली.

"बाई, इकडं!" बाबारावांनी हाक मारली. "घर हे हाय."

"तेरा नंबर तर हा आहे ना काका."

"थो चौदा. तेरा आमचा."

मोनाली पुन्हा कोपऱ्यावर गेली. पुन्हा मोजत आली. आता तिच्यामागून बाबारावही मोजत आले. तोवर हिरालालच्या ओट्यावर त्यांच्या पत्नी रुख्मिणीबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"काका, लेआउटच्या नकाशावर नंबर या कोपऱ्यापासून सुरू होतात," मोनालीनं मोबाइलवरचा नकाशा पुढं केला. "तेरा नंबरवर हे दुमजली घर आहे. तुमचं घर चौदावर आहे. तुमच्या जुन्या पॉलिसीतपण दोन मजलेच लिहिलेत. वाचलं नाही का?"

बाबारावांनी वाचलं नव्हतं. रुख्मिणीबाईंनी हिरालालना दुकानातून बोलावून घेतलं. त्यांच्या पॉलिसीत चौदा नंबर आणि एकच मजला होता. बँकेचा माणूस त्या वेळी नकाशा पाहून आला असणार, बाहेरूनच घरं पाहून लिहून गेला असणार. इतकी वर्षं बाबाराव हिरालालच्या घराचा विमा भरत होते आणि हिरालाल बाबारावांच्या.

"हॅऽऽ," बाबाराव म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. कारण सापडलं होतं. ते हसू लागले. हिरालालही हसू लागले. "सर, आग लागली असती तं? घर माह्यं जळलं असतं अन् पैसे तुमाले!"

"मले काऊन? माह्यं घर तं शाबूत असतं."

"मंग कोनालेच नाई!" दोघांनी टाळी दिली. मोनाली हसली नाही. "कागदांची दुरुस्ती झाली की फोन करा," एवढं बोलून तिनं हेल्मेट घातलं.

रात्रीचं जेवण होता होता पौर्णिमाचा फोन आला. बाबारावांनी मोठ्या रंगात सगळी गंमत सांगितली.

"बाबा, पॉलिसीचं सोडा. खरेदीखतात तुमच्या नावावर कोनता प्लॉट आहे?"

"तेरा."

"अन् तेरावर कोनाचं घर आहे?"

फोन स्पीकरवर होता. अन्नपूर्णाबाईंनी हळूच मान वळवून खिडकीतून शेजारच्या दुमजली घराकडे पाहिलं.

"म्हनजे थे बोरवेलबी आपली?" त्या म्हणाल्या. "आपली बोर आटली तवापासून दर उन्हाळ्यात मी रुख्मिणीभाभीले पानी मागून राह्यली. आपल्याच बोरचं!"

भिंतीपलीकडेही कोणीतरी हा हिशोब मांडला असावा. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी हिरालाल पेढ्यांचा डबा घेऊन आले. त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या दुकानातला माणूस येऊन बाबारावांचं कुरकुरणारं फाटक बदलून गेला. बाबारावांनी कारण विचारलं तर म्हणाला, शेठनं सांगतलं.

"इतका काऊन चांगला वागून राह्यला हा?" बाबारावांनी विचारलं.

"त्याचं घर तुमच्या नावावर हाय, म्हनून," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

रुख्मिणीबाईंची तऱ्हा वेगळी. त्या दुपारी साखर मागायला म्हणून आल्या आणि साखर मिळाल्यावरही गेल्या नाहीत. बैठकीतून स्वयंपाकघरात, तिथून मागच्या ओट्यावर, अशा सगळीकडे हिंडल्या. न्हाणीघराचा दिवा लावून पाहिला. खिडकीच्या पडद्याचं कापड बोटांनी चाचपलं.

"सिस्टरबाई, हे कपाट इथं काऊन ठेवलं? उजेड अडते ना."

अन्नपूर्णाबाई आरोग्य खात्यात सिस्टर होत्या. निवृत्त झाल्या तरी पिपरीत सगळे त्यांना सिस्टरबाईच म्हणत. इंजेक्शन देताना कोणी हात हलवला तर त्या जशा पाहायच्या, तशा रुख्मिणीबाईंकडे त्यांनी पाहिलं. आणि संध्याकाळी नवऱ्याला म्हणाल्या, "थे माह्या घराचं कपाट सरकवून राह्यली. आता मीबी तिचा वरचा मजला पाहून येतो."

"काऊन?"

"पाहाले. इतक्या वर्षांत ओट्याच्या पुढं कधी गेलीच नाई मी."

त्या गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. आल्या तेव्हा चेहऱ्यावरचा राग उतरला होता. "अजी, तिच्या गच्चीवरून आपलं घर पाह्यलं. आपल्या स्लॅबवर पिंपळ उगवला हाय. हातभर. अन् टाकीचं झाकन उडालं हाय कवाचं. कवडे पाखरं त्यात न्हाऊन राह्यले, अन् आपन थेच पानी पिऊन राह्यलो." मग थोडं थांबून म्हणाल्या, "हवा मात्र भल्ली मस्त येते तिथं."

बाबारावांचं म्हणाल तर, ते सकाळी फाटकाशी उभे राहत आणि दुमजली घराकडे पाहत. हे माझं, असं मनातल्या मनात म्हणून पाहत, आणि काय वाटतं ते तपासत. पहिल्या दिवशी काहीच वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी थोडं बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी हिरालालच्या भिंतीवरचा पोपटी रंग त्यांना खटकला, हा रंग मी दिला नसता असा विचार आला, आणि ते एकदम दचकले. त्याच सकाळी त्यांनी हिरालालना हाक मारली आणि म्हणाले, "चाला, वकिलाकडे जाऊ."

वकिलानं दोन्ही खरेदीखतं शेजारी शेजारी ठेवली, एकदा इकडे आणि एकदा तिकडे पाहिलं, आणि सांगितलं की नंबर बदलून चूक दुरुस्तीचा दस्त करता येईल. दोघांची संमती हवी आणि ज्यानं प्लॉट विकले त्याचीही सही हवी.

प्लॉट विकणारे सदाशिवराव आता हिंगणघाटला राहत होते. वकिलानं तयार केलेला कागद घेऊन हिरालालच्या गाडीतून दोघं निघाले. नेहमी दुकानाचे, उधारीचे, पुढाऱ्यांचे किस्से सांगणारे हिरालाल त्या दिवशी गप्प होते. वाटेत त्यांनी रसवंतीपाशी गाडी थांबवली. रसाचे ग्लास आले तरी त्यांनी आपला उचलला नाही.

"सर, एक विचारू? रागावसान नाई ना?"

"विचारा."

"तुमी सही करसान ना?"

हिरालालच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. "चार दिवसांपासून झोप नाई सर. रुख्मिणी म्हनते, मास्तर भला मानूस हाय. मी म्हनतो, भला हाय, पन कागद तं त्याच्याकडं हाय ना. दुकान गहान ठेवून बांधलं थे वरचं."

बाबारावांना तिसऱ्या दिवशीची सकाळ आठवली. त्यांनी हातातला ग्लास खाली ठेवला. "हिरालालभाऊ, थे घर घेऊन मी करू काय? एकच मजला झाडता झाडता आमच्यात भांडन होते." आणि मग, खरं ते सांगून टाकावं म्हणून, म्हणाले, "फक्त रंग थोडा डोळ्याले लागते. पोपटी. तेवढा पाहा."

"बदलतो!" हिरालाल म्हणाले आणि ग्लास एका दमात संपवला. "तुमी म्हनसान थो रंग देतो!"

सदाशिवराव अंगणात खुर्ची टाकून बसले होते. वय झालं होतं, पण आवाज खणखणीत. सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "सही देनार नाई. चूक माह्यी असन तं दुरुस्ती. मी बरोबरच दाखवलं होतं. डाव्या हाताचा तेरा, उजव्या हाताचा चौदा, असं साफ सांगतलं होतं तुमाले."

"हो सांगतलं होतं," बाबाराव म्हणाले. "पन तुमचा डावा का आमचा डावा?"

"म्हनजे?"

"तुमी आमच्याकडं तोंड करून उभे होते. तुमचा डावा म्हनजे आमचा उजवा."

"हात माह्या होता, तं डावाबी माह्याच धरा ना!"

"मंग आमी तुमच्या हाताकडं पाहूनच जागा घेतली असन की नाई?" बाबारावांमधला मास्तर जागा झाला. हे तपासून पाहण्यासारखं होतं. "असं करू. जसे त्या दिवशी उभे होते तसे उभे राहा. हिरालालभाऊ, तुमी अन् मी रस्त्यावर. हे तुळशीवृंदावन म्हनजे दोन प्लॉटमधली हद्द. हं, आता दाखवा सदाशिवराव."

सदाशिवराव उठले. तुळशीकडे पाठ करून ताठ उभे राहिले. छाती काढली, घसा साफ केला, आणि प्लॉट विकायच्या दिवसांतला जुना रुबाब अंगात आणून म्हणाले, "हे पाहा मंडळी, डाव्या हाताचा तेरा!" आणि उजवा हात वर केला.

बाबाराव आणि हिरालाल त्या हाताकडे पाहत राहिले. तो बरोबर तिकडेच दाखवत होता जिथं बाबारावांनी घर बांधलं होतं.

दारात त्यांच्या पत्नी भागीरथाबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. "अजी, थो उजवा हाय."

सदाशिवरावांनी हाताकडे पाहिलं. मग दुसरा वर केला. मग दोन्ही खाली घेतले.

"यांचं पहिलेपासून असंच हाय बाप्पा," भागीरथाबाई पाहुण्यांना म्हणाल्या. "लग्नातबी भलत्याच बाजूले येऊन बसले. माह्या मामानं उचलून इकडं आनलं. गाडी चालवाचे तवा मी बाजूले बसून खिडकीवर थाप मारो, म्हनजे तिकडं वळाचं."

सदाशिवराव मोठमोठ्यानं हसले, खोकला येईपर्यंत हसले, आणि डोळे पुसत म्हणाले, "आना थो कागद. कुठं करू सही? डावीकडं का उजवीकडं?"

"खाली करा," बाबाराव म्हणाले.

दस्ताचं काम पुढं रीतसर झालं. रजिस्ट्री ऑफिसात दोन्ही जोडपी गेली, हिंगणघाटहून सदाशिवरावही आले. सगळ्यांचे अंगठे मशीनवर लागले, फोटो निघाले, आणि तेरा नंबर हिरालालच्या व चौदा बाबारावांच्या नावावर चढला. बाहेर पडल्यावर हिरालालनी सगळ्यांना वडाभात खाऊ घातला. रुख्मिणीबाई मात्र ऑफिसच्या पायऱ्या उतरताना कठडा धरून धरून उतरत होत्या. अन्नपूर्णाबाईंच्या ते लक्षात आलं. तिथंच झाडाखाली बाकावर बसवून त्यांनी दोन्ही गुडघे दाबून पाहिले.

"रोज किती वेळा चढता जिना?"

"आता वाळवन वर, कपडे वर, देवघरबी वरच. बारा खेपा होत असन."

"बंद. जिना पूरा बंद. गुडघे काही दस्तानं बदलून भेटत नाई."

बाबारावांनी मोनालीला फोन लावला. ती दुपारी येते म्हणाली. त्या दुपारी बाबाराव निवांत झोपले होते. नव्या फाटकाचा आवाज होत नसल्यामुळे ती आत आली ते त्यांना कळलं नाही. त्यांना जाग आली ती बैठकीतल्या बोलण्यानं.

"हे घर कोणाचं?" मोनाली विचारत होती. तिचा हात पर्समध्ये मोबाइलवर होता, पण मोबाइल बाहेर निघत नव्हता.

"ताकसांडे सरचं," रुख्मिणीबाई म्हणाल्या. त्या खिडकीपाशी खुर्चीत बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. कपाट आता खिडकीतून दुसऱ्या भिंतीला गेलं होतं आणि तिथं उजेड भरपूर होता. "बस ना बाई. चहा ठेवतो."

"तुम्ही मिसेस ताकसांडे?"

"नाई वो. मी शेजारची. इथं जिना नाई ना, म्हनून माह्या दुपारा इथंच असते."

"मग ताकसांडेबाई कुठं आहेत?"

रुख्मिणीबाईंनी शेंगेनं छताकडे खूण केली. मोनालीनं वर पाहिलं. एकमजली घराच्या छताकडे ती थोडा वेळ पाहत राहिली, आणि मग खिडकीतून वाकून बाहेर.

शेजारच्या गच्चीवर, नुकत्याच बदामी रंग दिलेल्या भिंतीमागं, अन्नपूर्णाबाई जयस्वालांचे कपडे वाळत घालत होत्या. केस मोकळे सोडलेले, पदर वाऱ्यावर. खिडकीत डोकं दिसताच त्यांनी तिथूनच आवाज दिला, "आली का मोनाली! घे फोटो, घे! समोरून घेजो, पिंपळ मी उपडून टाकला!"

मोनालीनं हातातला कागद पाहिला. नंबर चौदा. बाहेर जाऊन कोपऱ्यापासून मोजून आली. चौदाच. तरी ती उंबरठ्याबाहेरच थांबली.

बाबाराव डोळे चोळत बाहेर आले. "काय झालं बाई? सगळं बरोबर तं हाय."

"काका, फोटोत घरासोबत मालकीण हवी. कंपनीचा नियम आहे. कोणाला उभं करू?"

बाबारावांनी रुख्मिणीबाईंच्या खुर्चीकडे पाहिलं, मग गच्चीकडे. काऊन, हे त्यांना विचारायचं नव्हतं. कारण ठाऊक होतं.

"चहात साखर किती घेतं तू?" चहा ठेवायला आत गेलेल्या रुख्मिणीबाईंनी स्वयंपाकघरातून मोनालीला विचारलं.

"मले दोन चमचे," गच्चीवरून अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "ठेवजो भाभी. फोटोले मी येतो खाली."